कबड्डीच्या पोरींसाठी घेतलेले थंड-गरम पाऊच: वर्षभर वापरून, लॅबमध्ये कापून बघून लिहितेय

आमच्या ज्युनियर कॉलेजच्या मुलींच्या कबड्डी टीमची फर्स्ट एडची बॅग गेली तीन वर्षं माझ्याकडे आहे. मी शिकवते केमिस्ट्री, पण टीमबरोबर एक मॅडम असावी लागते म्हणून सुरुवातीला गेले आणि आता आवडीने जाते. गाव तासगावकडचं, मैदान मातीचं, चढाई करताना घोटा मुरगळणं, गुडघा आपटणं, पकडीत बोट उलटं होणं हे रोजचंच. आणि बर्फ लागतो तेव्हा कधीच मिळत नाही, रसवंतीवाल्याकडे पोरगी पळत जाणार, तो फोडून देणार, रुमालात बांधून आणेपर्यंत निम्मा वितळलेला. म्हणून मागच्या वर्षी ऑनलाइन एक सेट घेतला, त्यात तीन प्रकारचे पाऊच होते: दाबून फोडायचे थंड पाऊच सहा, तसेच दाबून फोडायचे गरम पाऊच चार, आणि आत स्टीलची चकती असलेले पुन्हापुन्हा वापरायचे गरम पाऊच दोन. सगळं मिळून ९५० रुपये पडले. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण नंतर सांगलीतल्या एका दुकानातून दुसऱ्या कंपनीचे घेतले तेही आतून तसेच निघाले, तेव्हा हा रिव्ह्यू एका ब्रँडचा नाही, या जातीच्या वस्तूचा समजा.

पहिला थंड पाऊच वापरला तो एप्रिलच्या शिबिरात. आमची डावी कोपरारक्षक, तिचा घोटा मुरगळला, मी पाऊच काढला, आतली पाण्याची पिशवी बुक्की मारून फोडली, हलवला, आणि दहा-पंधरा सेकंदात हाताला गारवा लागायला लागला. पोरी गोळा झाल्या, "मॅडम, फ्रीज नाही, लाइट नाही, गार कसं झालं?" हा प्रश्न एका बारावी सायन्सच्या पोरीने विचारला, जिला मी महिन्याभरापूर्वी एन्थॅल्पी ऑफ सोल्युशन, म्हणजे पदार्थ विरघळताना किती उष्णता घेतो किंवा सोडतो ते, शिकवली होती आणि तिला त्यात चांगले मार्कही होते. त्या दिवशी मला जाणवलं की आपण फळ्यावर जे आकडे लिहितो ते पोरींच्या हातापर्यंत पोचतच नाहीयेत. म्हणून दुसऱ्या दिवशी दोन पाऊच लॅबमध्ये नेले, एक मोजायला आणि एक कापायला.

कापलेल्यात काय निघालं? साधारण ८० ग्रॅम पांढरे दाणे आणि वेगळ्या पिशवीत १०० मिली पाणी. पाकिटावर समोर मोठ्या अक्षरात कूलिंग क्रिस्टल्स, मागे अगदी बारीक अक्षरात लिहिलंय युरिया. हो, तोच शेतात टाकायचा. मला यात फसवल्यासारखं वाटलं नाही, युरियाच योग्य आहे, फक्त ते समोर सरळ लिहायला काय हरकत होती. परदेशात यात बरेचदा अमोनियम नायट्रेट असायचं, ते ग्रॅममागे युरियापेक्षा जास्त गार करतं, पण त्यापासून स्फोटक बनतं म्हणून आपल्याकडे २०१२ च्या नियमांनुसार त्याची विक्री-साठवण परवान्याशिवाय करता येत नाही. त्यामुळे मेडिकलमधल्या पाऊचमध्ये युरिया दिसला तर ते बरोबरच आहे.

आता मोजमाप. लॅबमध्ये खोलीचं तापमान २७ होतं, पाऊच फोडून थर्मामीटर बाहेरून दाबून धरला, तीन मिनिटांत ३ अंशांवर आला. म्हणजे २४ अंश उतरला. मग तोच प्रयोग मैदानावर भर उन्हात केला, बॅग उन्हात राहिल्यामुळे पाऊच स्वतःच ३७ ला होता, तो उतरला १२ पर्यंत. म्हणजे २५ अंश. पाकिटावर लिहिलंय उणे ५ अंशांपर्यंत थंड आणि ३० मिनिटं गारवा. मैदानावर पंधरा मिनिटांनी बघितलं तर २२ झाले होते.

इथेच या वस्तूचं खरं मर्म आहे, हा पाऊच तुम्हाला तापमान देत नाही, फरक देतो. जिथून सुरू कराल तिथून पंचवीसेक अंश खाली, बस. एसी खोलीत ठेवलेला असेल तर शून्याजवळ जाईल, उन्हात तापलेल्या डिकीत ठेवलेला असेल तर माठातल्या पाण्यापेक्षा थोडा गार एवढाच होईल. बर्फाचं तसं नसतं, बर्फ कुठूनही आणा, वितळत असेपर्यंत तो शून्यालाच राहतो. कंपनीने उणे ५ कुठल्या खोलीत मोजलं ते लिहिलेलं नाही, आणि एप्रिल-मेमध्ये महाराष्ट्रातल्या कुठल्याही मैदानावर ते शक्य नाही. हे मी रागाने म्हणत नाहीये, हिशोब करून म्हणतेय. युरियाचा एक मोल (मोल म्हणजे कण मोजायचं केमिस्ट्रीतलं माप), म्हणजे ६० ग्रॅम युरिया, पाण्यात विरघळताना साधारण १५ किलोज्यूल उष्णता ओढून घेतो. ८० ग्रॅम म्हणजे २० किलोज्यूल. हे २० किलोज्यूल त्या १८० ग्रॅमच्या पाण्यातून-युरियातूनच निघतात, त्यामुळे कागदावर फार तर तीसेक अंश उतरायला हवं, आणि प्रत्यक्षात गार पाण्यात थोडा युरिया न विरघळता तळाला राहतो, बाहेरची उष्णता आत येते, म्हणून पंचवीस. आता तुलना बघा, १८० ग्रॅम बर्फ वितळताना साधारण ६० किलोज्यूल ओढतो. तिप्पट. आणि तो फुकट आहे. त्यामुळे घरी वापरायला हे पाऊच कोणी घेत असेल तर घेऊ नका, फ्रीजमधला बर्फ टॉवेलात गुंडाळा, त्याला तोड नाही. पण प्रवासात, ट्रेकला, मैदानावर, जिथे बर्फच नाही तिथे तिप्पट गारव्याचा काय उपयोग, तिथे हे २० किलोज्यूलच देवासारखे.

पण विरघळल्यावर गार का होतं? मी वर्गात आता हे जमाखर्चाच्या वहीसारखं सांगते. कुठलाही घन पदार्थ पाण्यात जायचा म्हणजे आधी त्याचे कण एकमेकांपासून सोडवायला लागतात, तो खर्च. मग सुटलेल्या कणांना पाण्याचे रेणू येऊन चिकटतात, त्यातून ऊर्जा मिळते, ती जमा. जेवणातलं मीठ घ्या. सोडियम आणि क्लोराइडचे आयन, म्हणजे विद्युत प्रभार असलेले कण, स्फटिकात एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की एक मोल, म्हणजे साडेअठ्ठावन्न ग्रॅम मिठातले सगळे आयन सुटे करून एकमेकांपासून पार लांब न्यायला साधारण ७८८ किलोज्यूल लागतात. हीच लॅटिस एनर्जी. आणि त्याच आयनांना पाण्याने मिठी मारली की परत मिळतात साधारण ७८४, ही हायड्रेशन एन्थॅल्पी. ७८८ गेले, ७८४ आले, खिशातून गेले फक्त ४. म्हणून मीठ विरघळवताना भांडं अगदी किंचित गार होतं, हाताला कळतही नाही. दोन्ही आकडे प्रचंड आणि शिल्लक एवढीशी, हे मला दर वर्षी शिकवताना नव्याने भारी वाटतं. डोंगराएवढी देवाणघेवाण होते आणि आपल्या हाताला लागतो तो फक्त वरचा चिल्लर फरक, आणि त्या चिल्लरवरच हे सगळे पाऊच चालतात.

खर्च जास्त असेल तर ती तूट भरायला उष्णता कुठून येणार, तर पाण्यातूनच, म्हणून पाणी गार. आणि तोटा होत असूनही तो पदार्थ विरघळतोच का, हा प्रश्न हुशार पोरं विचारतातच, तर त्याचं उत्तर एन्ट्रॉपी, शिस्तीत रचलेले कण पाण्यात मोकळे पसरतात त्याचा निसर्गाला फायदा असतो, तो फायदा उष्णतेच्या तोट्यावर मात करतो. युरिया आयनिक नाही, म्हणजे आयनांचा बनलेला नाही, हे पण सांगायला हवं, त्याचे अख्खे रेणू हायड्रोजन बॉन्डने, म्हणजे रेणूंमधल्या त्यामानाने हलक्या ओढीने, धरलेले असतात, त्यामुळे त्याची लॅटिस एनर्जी मिठासारखी शेकड्यात नाही, पण जमाखर्चाची वही तीच.

हे सगळं घरी सांगत होते तर आण्णा म्हणाले, "मग यात नवीन काय, आमची बादली रोज गार होते की." आण्णांची द्राक्षबाग आहे. ड्रिपमधून सोडायला तेरा शून्य पंचेचाळीस नावाचं खत बादलीत ढवळतात ना, ते म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, ते विरघळायला लागलं की बादलीला बाहेरून दव धरतं, थंडीच्या दिवसात हात घालवत नाही. आणि म्हणूनच ते थंडीत पटकन विरघळत नाही, कारण पाणी जसं गार होतं तशी त्याची विरघळायची ताकद कमी होते, आण्णा आधी बादलीत थोडं कोमट पाणी घालतात, त्यांना कोणी ते शिकवलेलं नाही. पोटॅशियम नायट्रेटचा एक मोल जवळपास ३५ किलोज्यूल ओढतो, म्हणजे ग्रॅमला ग्रॅम लावलं तर युरियापेक्षा सरस. हाच जुना सोरा, बंदुकीच्या दारूतला. अकबराच्या काळातल्या ऐन-ए-अकबरी या ग्रंथात लिहिलंय की दारूत जो सोरा आग पेटवतो त्याच सोऱ्याने बादशहाचं पिण्याचं पाणी गार करत. सोऱ्याच्या पाण्यात पाण्याची सुरई फिरवत ठेवायची, आणि मग ते पाणी आटवून सोरा परत काढायचा, पुन्हा वापरायचा. सव्वाचारशे वर्षांपूर्वी लोक हा पाऊच रिचार्ज करत होते, आणि आपण ६० रुपयाचा एकदा वापरून फेकतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तक्रारी आहेत त्या स्पष्ट सांगते. सहापैकी एक पाऊच आठ महिन्यांनी काढला तर आत सगळा युरिया दगडासारखा झालेला. आतल्या पिशवीतून पाणी हळूहळू झिरपून दाणे आधीच ओलावले होते, बुक्की मारली, पाणी फुटलं, पण गारवा नावाला. तो दिवस नेमका जिल्ह्याच्या मॅचचा होता, आमच्या एका मुलीची करंगळी सुजली होती आणि माझ्या हातात कोमट पिशवी, फार वाईट वाटलं. तेव्हापासून दर महिन्याला बॅग काढून प्रत्येक पाऊच हलवून बघते, दाणे खुळखुळले तर ठीक, ढेकूळ लागलं तर बाद. एक पाऊच शिवणीतून फुटून बॅगेत सांडला, बँडेजचे रोल चिकट झाले, आता प्रत्येक पाऊच वेगळ्या झिपच्या पिशवीत ठेवते. आणि आतली पिशवी फोडायला जोर लागतो, नववीतल्या पोरीला जमत नाही, जमिनीवर ठेवून टाचेने दाबायला शिकवलंय. एक काळजी महत्त्वाची, उघड्या कातडीवर सरळ ठेवू नका, मध्ये पातळ कापड, आणि पंधरा-वीस मिनिटांच्या वर नको. वापरून झाला की कचऱ्यात टाकायची गरज नाही, आतलं पाणी मोठ्या बादलीभर पाण्यात मिसळून झाडाला घालते, आमच्या लिंबाला आत्तापर्यंत चार पाऊच मिळालेत.

आता दाबून फोडायचे गरम पाऊच. हे मला सगळ्यात कमी आवडले, आणि शिकवायला मात्र खूप उपयोगी पडले. आत कॅल्शियम क्लोराइड, कापून वजन केलं तर ४० ग्रॅमच्या आसपास. पाणी लागलं की झटकन तापतो, २८ वरून दोन मिनिटांत ६१ अंश. खूप जास्त आहे हे. कंबरेला, मांडीला लावायला काढला आणि एका मुलीला दोन मिनिटांत चटका बसला, टॉवेल होता तरी. आणि मग तितक्याच वेगाने निवतो, पंचवीस मिनिटांत नुसता कोमट. म्हणजे हवं असतं तेव्हा चटका आणि शेकायला बसलं की संपला. घरात ज्यांना शुगर आहे, पायाला संवेदना कमी आहे अशा आजी-आजोबांना हे अजिबात देऊ नका, त्यांना भाजलेलं कळणार नाही.

पण रसायन बघा. मिठासारखंच क्लोराइड आहे हे, मग मीठ किंचित गार आणि हे इतकं गरम का? कारण कॅल्शियमवर दोन धन प्रभार आहेत आणि सोडियमवर एक. प्रभार वाढला की स्फटिकातली ओढ वाढते, लॅटिस एनर्जी साधारण २२५० किलोज्यूलपर्यंत जाते, पुस्तकापुस्तकात आकडा थोडा हलतो पण याच्या आसपास. म्हणजे खर्च मिठाच्या जवळपास तिप्पट, मग ते तर जास्तच गार व्हायला हवं ना? पण दोन प्रभाराच्या आयनाला पाणीही तितक्याच वेडाने धरतं, एका कॅल्शियमच्या मिठीतून दीड हजाराच्या वर किलोज्यूल मिळतात, दोन क्लोराइड धरले की जमा होते साधारण २३३०. खर्च २२५०, जमा २३३०, हातात उरले ८०. हे ८० एका मोलचे, म्हणजे १११ ग्रॅमचे, पाऊचमधल्या ४० ग्रॅमच्या वाट्याला येतात तीसेक किलोज्यूल, तेच त्या मुलीच्या मांडीला लागले. मी हे फळ्यावर नुसतं लिहायचे तेव्हा पोरं वजाबाकी करून मोकळी व्हायची, आता आधी पाऊच हातात देते मग वजाबाकी करायला सांगते. जास्त लॅटिस एनर्जी म्हणजे विरघळताना गारच होणार, असं पोरं पाठ करतात ते इथे मोडतं, एक आकडा बघून काही कळत नाही, दोन्ही बघायला लागतात. आणि दोन्हीकडे दोन-दोन प्रभार आले की गोष्ट वेगळीच होते, मॅग्नेशियम ऑक्साइडची लॅटिस एनर्जी ३८०० च्या आसपास, ते पाण्यात जवळपास विरघळतच नाही आणि वितळतं २८५० अंशांच्या आसपास, मीठ वितळतं ८०१ ला, म्हणून पोलादाच्या भट्ट्यांना आतून मॅग्नेशियाच्या, म्हणजे याच ऑक्साइडच्या, विटा लावतात.

ह्या पाऊचचं उरलेलं पाणी मात्र झाडाला घालू नका, क्लोराइडने मुळं जळतात. थंडचं आणि गरमचं पाणी एकमेकांत मिसळू नका, लेबल लावून ठेवा, आमच्याकडे एकदा गोंधळ होता होता राहिला.

आणि आता तिसरा, चकतीवाला. यासाठी मी हा सगळा रिव्ह्यू लिहायला बसले खरं तर. दिसायला साधी पारदर्शक पिशवी, आत पाण्यासारखं थोडं घट्टसर द्रव, आणि एक छोटी स्टीलची चकती. चकती टचकन वाकवली की तिच्यापासून पांढरे स्फटिक फुटायला लागतात, डोळ्यांदेखत पसरतात, दहा सेकंदात सगळी पिशवी पांढरी आणि घट्ट, आणि गरम. पहिल्यांदा वर्गात केलं तेव्हा मागच्या बाकावरची पोरं उठून पुढे आली. आत सोडियम अ‍ॅसिटेट आहे, प्रत्येक एककाबरोबर पाण्याचे तीन रेणू स्फटिकात बांधलेले. हा स्फटिक ५८ अंशांना वितळतो, पण निवताना ५८ ला परत गोठत नाही, खोलीच्या तापमानापर्यंत द्रवच राहतो, कारण गोठायला सुरुवात करून देणारा पहिला स्फटिकच नसतो. चकती ती सुरुवात करून देते. आणि एकदा आयन आपापल्या जागी बसायला लागले की ती ऊर्जा बाहेर पडते, ग्रॅमला साधारण अडीचशे-पावणेतीनशे ज्यूल. बाकीच्या पाऊचमध्ये लॅटिस मोडताना बघतो, इथे लॅटिस बांधली जाताना बघतो आणि त्याची ऊब हाताला लागते. पुस्तकात लॅटिस एनर्जीच्या व्याख्येत दोन्ही बाजू लिहिलेल्या असतात, मोडताना घेतली तीच बांधताना देतो, पोरं चिन्हात घोळ घालतात, अधिक का उणे. या पिशवीने तो घोळ संपवला, आता कोणी चिन्ह चुकलं तर मी फक्त म्हणते, "चकती आठव."

आणि वापरायलाही हाच सरस. मी मोजलं तर ५३ ला गेला आणि तिथेच राहिला, टॉवेलात गुंडाळून पाऊण तास आरामात शेकता येतं. का, तर बर्फासारखं इथेही गोठणंच चालू आहे, जोपर्यंत आत गोठायचं बाकी आहे तोपर्यंत तापमान जागचं हलत नाही. हा फरक देत नाही, तापमान देतो. सुरुवातीला पिशवी १५ ला असो की ३० ला, ५३-५४ च्या वर जायचंच नाही, म्हणून चटक्याची भीती त्या फोडायच्या पाऊचपेक्षा खूप कमी, तरी कापड ठेवाच. पाळीच्या दिवसात पोरी हाच मागतात, आता दोन पुरत नाहीत, अजून तीन घेतले.

रिचार्ज करायची पद्धत नीट सांगते कारण सोबतच्या कागदावर दोन ओळी आहेत आणि त्या पुरेशा नाहीत. पातेल्यात पाणी उकळायला ठेवा, तळाला जुना रुमाल घाला नाहीतर प्लॅस्टिक पातेल्याला चिकटून वितळतं, मग पिशवी सोडा आणि आतलं सगळं, कोपऱ्यातलंही, पार पारदर्शक होईपर्यंत उकळू द्या, मला पंधरा मिनिटं लागतात. एक कणभर जरी पांढरं राहिलं तरी निवताना तेच बी होतं आणि पिशवी स्वतःहून परत घट्ट होते, मग लोक म्हणतात खराब माल आहे. माझ्या पहिल्या तीन वेळा असंच झालं होतं. काढल्यावर हलवू नका, निवू द्या, मग बॅगेत. वर्षभरात एकेका पिशवीचे चाळीसएक राउंड झालेत, एकीची चकती आता दोनदा-तीनदा दाबायला लागते, बाकी ठणठणीत. गॅसचा खर्च धरला तरी एका शेकाला रुपया-दोन रुपये पडत असतील. बॅगेत दाबली जाऊन आपोआप सुरू होणं हा एकच त्रास, त्यासाठी स्टीलच्या डब्यात ठेवते.

वर्गासाठी घ्यायचा विचार असेल त्या शिक्षकांना एक गोष्ट सांगते. लॅटिस एनर्जी थेट मोजता येत नाही, कारण मिठाचे आयन वायूरूपात सुटे करून कोणी कॅलरीमीटरमध्ये, म्हणजे उष्णता मोजायच्या भांड्यात, ठेवू शकत नाही. म्हणून १९१९ मध्ये माक्स बॉर्न आणि फ्रिट्झ हाबर यांनी फिरून जायचा रस्ता काढला, हेसचा १८४० चा नियम वापरून, म्हणजे कुठल्याही रस्त्याने गेलात तरी एकूण उष्णता तेवढीच. आकडे मोलमागे किलोज्यूलमध्ये: सोडियमची वाफ करायला १०८, त्याचा इलेक्ट्रॉन काढायला ४९६, क्लोरिनचा अर्धा रेणू फोडायला १२१, क्लोरिनला इलेक्ट्रॉन दिला की परत मिळतात ३४९, आणि शेवटी मीठ बनताना एकूण सुटतात ४११. हे सगळं जुळवलं की लॅटिस एनर्जी ७८७-७८८ निघते. पोरांना हे चक्र म्हणजे सहा बाणांचं पाठांतर वाटतं. मी आता आधी तीनही पाऊच टेबलावर ठेवते, हात लावू देते, मग विचारते की यातला खर्चाचा आकडा आपल्याला कळणार कसा, मोजायला तर येत नाही? तिथून चक्र सुरू करते. फरक पडला, या वर्षी चाचणीत तो प्रश्न सोडून देणारे अगदी मोजके निघाले. थर्माकोलच्या कपात युरिया घेऊन तापमान मोजायचं प्रॅक्टिकलही पोरींनी स्वतःहून केलं, आण्णांच्या तेरा शून्य पंचेचाळीसचंही केलं, दोन्हींचे आकडे पुस्तकाच्या दहा टक्क्यांच्या आत आले.

तर माझे स्टार असे. चकतीवाल्याला पाचपैकी पाच, घरात एक असावाच. थंड पाऊचला साडेतीन, मैदानासाठी आणि प्रवासासाठी घ्या, सावलीत ठेवा, शक्य असेल तर पाण्याच्या बाटलीबरोबर गार पिशवीत ठेवा म्हणजे सुरुवातच खालून होईल, आणि घेताना मागची बारीक अक्षरं वाचून आत काय आणि किती ग्रॅम ते बघा, ग्रॅम लिहिलेले नसतील तर तो घेऊ नका. दाबून फोडायच्या गरम पाऊचला दोन, परत घेणार नाही, उरलेला एक लॅबच्या कपाटात ठेवलाय, जुलैमध्ये नवीन बॅच आली की त्यांच्यासमोर फोडायचा आहे.